पाटलांच्या गाडीतली डावी सीट

भुताखेतांची गोष्ट सांगायला कोणी बसलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो – याला आपल्याकडून काय काढायचंय? या सदरात लोक लिहितात ते मी न चुकता वाचतो, हसतो आणि अंक बाजूला ठेवतो. कुणाला वडाखाली बाई दिसली म्हणे, कुणाला विहिरीतून हाक आली... मला वाटतं, बाबा, आधी डोळे तपासून घे. घरचे म्हणतात, तुमचा देवावर नाही, डॉक्टरवर नाही, धोब्यावरसुद्धा विश्वास नाही. धोब्याचं खरं आहे. तो माझे सदरे लग्नाकार्यात दुसऱ्यांना घालायला द्यायचा, हे मी नुसती कॉलर पाहून पकडलं होतं.

तर असा मी संशयी माणूस. तरी आज लिहायला बसलोय, कारण एक प्रकार माझ्याच बाबतीत घडला, माझ्या हाताखाली, भर दिवसा. त्याला आता तीसेक वर्षं झाली. माणसांची नावं बदलली आहेत, गावं तीच ठेवली आहेत.

आम्ही नंदुरबारचे जीनगर. वडील खोगिरं शिवायचे – फौजदाराची, मामलेदाराची, सातपुड्याकडे फिरणाऱ्या जंगल खात्याच्या साहेबांची. त्यांना एक विद्या होती. दुरुस्तीला आलेलं खोगीर उलटंसुलटं करून ते त्यावर बसणाऱ्याचं वर्णन सांगत. याचा उजवा गुडघा दुखतो. हा उतरताना घसरतो. या खोगिरावर गेल्या महिन्यात दुसराच कोणी बसलाय. आणि ते खरं निघायचं. कातडं दाबलं कुठे जातं, घासलं कुठे जातं, टाका कोणत्या बाजूनं ताणला जातो, यावरून सगळं कळतं. ही विद्या त्यांनी मला दिली आणि मी तिच्यावर फार गर्व केला.

पुढे घोडे कमी झाले, मोटारी आल्या. मी खोगिरं सोडून मोटारीच्या सीटा शिवू लागलो. स्टेशनच्या रस्त्याला माझं दुकान होतं. हिवाळ्यात मिरचीची आवक सुरू झाली की दुकानात बसून शिंका द्यायच्या आणि शिंक आवरून टाका घालायचा, असा आमचा धंदा. तेव्हा सगळ्या तालुक्यात मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्यांच्या सीटा फाटल्या की सुरतेला न्यायच्या, नाहीतर माझ्याकडे आणायच्या.

त्यातली एक गाडी कोरीटच्या मोतीराम पाटलांची. पाटील गुजर, तापीकाठची काळी जमीन, कापूस आणि केळी. त्यांनी सुरतेहून एक जुनी टूरर घेतली होती – वर कापडी हूड, मागे रुंद लेदरची सीट. घेतली ती मुख्यतः आईसाठी. आईला दर सोमवारी नदीपलीकडे प्रकाशा या तीर्थाला दर्शनाला जायचं असायचं. गाडी तापीच्या अलीकडच्या काठापर्यंत जायची, तिथून म्हातारी नावेतून पलीकडे. ती परत येईपर्यंत दोन-अडीच तास गाडी काठावर उभी.

ही गाडी चालवायचा सुकलाल. सुकलाल म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, गोदीचा नवरा. त्याला ड्रायव्हरची नोकरी मीच लावून दिली होती. पाटलांनी त्यांना वाड्यामागे दोन खोल्या दिल्या होत्या, दोन मुली होत्या, म्हशीचं दूध मिळायचं... गोदीनं इतकं सुख माहेरीसुद्धा पाहिलं नव्हतं. भाऊबीजेला ती गाडीत बसून माझ्या दारात उतरली, तेव्हा सगळी आळी बाहेर आली होती. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पहिल्यांदा मागची सीट फाटून आली ती कार्तिकात. डाव्या बाजूला, बसायच्या भागाची शिवण उसवून कातडं वीतभर चिरलेलं. जुनं विलायती लेदर, वाळून कडक झालेलं. मी तेवढा तुकडा काढला, तरवडाच्या सालीत कमावलेलं नवं कातडं लावलं, दुहेरी सुईनं शिवलं. पंधरा-वीस दिवसांत गाडी परत. तीच जागा. या वेळी माझा दोरा तुटलेला आणि माझं नवं कातडं टाक्यांपाशी ओढून फाटलेलं.

मी मनातल्या मनात चांभाराला शिव्या दिल्या, ज्याच्याकडून कातडं घेतलं होतं त्याला. मग दोऱ्यावर संशय घेतला. मग मेणावर. तिसऱ्यांदा सीट आली तेव्हा मात्र मी ती गाडीतून अख्खी बाहेर काढली, दुकानात उलटी ठेवली आणि वडिलांसारखी वाचायला बसलो.

जे वाचलं ते असं. डाव्या बाजूला बसणारा माणूस जाड आहे, चांगला अंगापिंडानं भरलेला. तो उजवा पाय दुमडून सीटवर घेतो आणि त्यावर बसतो, कारण टाचेच्या जागी कातडं गोल घासलंय. सगळा भार डाव्या कुल्ल्यावर टाकतो, त्यानं त्या बाजूच्या तीन स्प्रिंगा कायमच्या खाली बसल्यात. आणि डावा कोपर दाराच्या वरच्या काठावर ठेवतो. तिथलं कातडं तेलकट आणि गुळगुळीत झालंय. एक-दोनदा बसून असं होत नाही. हा माणूस रोजचा आहे आणि अगदी आरामात बसणारा आहे.

आता पाटलांकडे कोण आहे असा? पाटील स्वतः काडीसारखे, आणि ते पुढे ड्रायव्हरशेजारी बसत. म्हातारी चिमणीएवढी, ती उजवीकडे बसायची. पाटलीणबाईंना गाडी लागते, त्या बैलगाडीनं जात. मग हा जाडा कोण?

माझ्या डोक्यात लगेच आलं – सुकलाल पॅसेंजर मारतोय.

म्हातारी नावेतून पलीकडे गेली की दोन-अडीच तास गाडी मोकळी. काठावर व्यापारी असतात, यात्रेकरू असतात. एखादा जाडा शेठ रोजचा ठरवला असेल. मालकाची गाडी, मालकाचं पेट्रोल, तेही लढाईच्या दिवसांत, पेट्रोल रेशनवर मिळत होतं तेव्हा.

सुकलाल सीट न्यायला आला तेव्हा मी त्याला बाकावर बसवलं आणि सरळ विचारलं, "दाजी, मांगे कोन बठस?"

"मोठी माय बठस. आखो कोन?"

"डावीकडे कोन बठस ते इचारी ऱ्हायनू."

"डावीकडे कोनी बठत नही."

"नीट याद करा."

तो हसला. म्हणाला, "नथ्थूभाऊ, मी रस्ता देखस. तठे बैलगाड्या, शेळ्या, पोरं. मांगे देखाले माले सवड कोठे शे?"

आता कोणीही म्हणेल की हे साधं उत्तर आहे. मला मात्र त्यात पळवाट दिसली. कोनी बठत नही म्हणतो आणि लगेच मांगे देखत नही म्हणतो... मला वाटलं, सापडला.

मग मी एक युक्ती केली. सीटखाली लाकडी फळी असते. शिवणकामाच्या मेणात राळ घालून मी दोन गोळे केले, सुपारीपेक्षा थोडे मोठे, आणि फळीवर ठेवले. एक म्हातारीच्या बाजूला, एक डावीकडे. हलकं माणूस बसलं तर स्प्रिंग तिथवर पोचत नाही. भारी माणूस बसला तर गोळा चपटा होणार. ते पौषातले थंडीचे दिवस होते, त्यामुळे मेण उन्हानं वितळलं असं म्हणायला जागा नव्हती. हे मी कुणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

सीट शनिवारी बसवली. सोमवारी सकाळी दुकान बंद ठेवून सायकलवर प्रकाशाच्या वाटेला लागलो. तापीकाठी एका बाभळीआड बसलो, सोबत भाकरी आणि मिरचीचा ठेचा. गाडी आली. मागे म्हातारी एकटी. ती उतरली, नावेत बसली. सुकलालनं गाडी लिंबाच्या सावलीत लावली, धोतराचं पान अंथरलं आणि जमिनीवर झोपला. दोन तास तो झोपला आणि दोन तास मी जागा होतो. गाडीजवळ एक कुत्रं आलं आणि तेही गेलं. म्हातारी परत आली, गाडी निघून गेली.

मंगळवारी तो पाटलांच्या कामानं स्टेशनवर आला. तो पार्सल ऑफिसात गेला तेवढ्यात मी सीट उचलून पाहिली. उजवीकडचा गोळा जसा ठेवला तसा. डावीकडचा चपटा, पापडासारखा, आणि त्यावर स्प्रिंगेचा गोल ठसा.

शहाण्या माणसानं इथे थांबून विचार केला असता. आपण स्वतः पाहिलं, सोमवारी कोणी बसलं नाही. मी काय विचार केला? की सुकलालनं मला बाभळीआड ओळखलं, म्हणून सोमवारी झोपेचं सोंग घेतलं आणि आपला शेठ मंगळवारी येताना उचलला. मी सीटवर हात ठेवला तर ती कोमट लागली. उन्हात उभी असलेली काळ्या कातड्याची सीट कोमटच लागणार. पण मला ती माणसाच्या अंगाची ऊब वाटली. एकदा संशय डोक्यात बसला की त्याला सगळंच पचतं.

तरीही मी गप्प बसलो असतो, बहिणीचं घर होतं ते. पण आठच दिवसांत पाटलांचा निरोप आला, सीट पुन्हा फाटली, कोरीटला येऊन बघून जा.

गेलो. पाटलांच्या अंगणात गाडी उभी होती. गावातले चार-सहा जण कट्ट्यावर बसले होते. म्हातारी दारात तांदूळ निवडत होती. गोदी हंडा घेऊन विहिरीकडून येत होती, मला पाहून हसली. सुकलाल बॉनेट उघडून काहीतरी पुसत होता.

पाटील सगळ्यांसमोर म्हणाले, "काय मिस्तरी, चौथी खेप शे हाई. तुन्हं कातडं नासकं शे का तुन्हा हात?"

कट्ट्यावरचे हसले.

मला आजही ते हसू ऐकू येतं. मी काही उत्तर देऊ शकलो असतो. म्हणू शकलो असतो की पाटील, बघतो. पण माझ्या कातड्याला आणि हाताला नावं ठेवली होती, तीही लोकांत. माझ्या तोंडून निघून गेलं, "कातडंबी चांगलं शे अन् हातबी. बसनारा दुसरा शे."

"म्हंजे?"

मग मी वाचून दाखवलं. सीटवर बोट ठेवून ठेवून, वडील मामलेदारासमोर सांगत त्याच थाटात. हाऊ जाडा शे. उजवा पाय दुमडीसन बठस. कोपर आठे ठेवस. तुम्हना घरमा असा कोन शे, सांगा. मेणाचे गोळे काढून दाखवले. कट्ट्यावरचं हसणं थांबलं. सगळे मान पुढे करून ऐकू लागले आणि मला... लाज वाटते सांगायला, मला बरं वाटलं.

पाटलांनी सुकलालकडे पाहिलं. "कोनले बसाडस रे?"

"कोनलेच नही, पाटील. मन्हा पोरीसनी आन."

"मंग हाई काय शे?"

सुकलाल माझ्याकडे पाहत राहिला. त्याच्या हातात तेलाचं फडकं होतं. तो भांडला असता तर मला सोपं गेलं असतं.

म्हातारी दारातून म्हणाली, "मन्हा शेजारे कोनी नही बठत रे. पोऱ्या चांगला शे." तिला मोतीबिंदू होता. तिचं कोणी मनावर घेतलं नाही. मीच म्हणालो, मोठ्या मायला दिसतं कुठे.

मग गोदी पुढे आली. हंडा तसाच कमरेवर. तिनं मला विचारलं, "भाऊ, तू देखं का कोनले?"

"देखं नही. पन सीटवर लिखेल शे."

"मी इचारी ऱ्हायनी, माणूस देखा का?"

मी पुन्हा सीटवरच बोट ठेवलं. पाटलांनी गाडीची किल्ली मागून घेतली. आठ दिवसांत खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या.

जिल्हा केवढा आणि मोटारी किती... मालकाची गाडी परस्पर भाड्यानं फिरवणारा ड्रायव्हर म्हणून त्याचं नाव महिन्याभरात शहाद्यापासून नवापूरपर्यंत झालं. त्याला कोणी स्टिअरिंगला हात लावू देईना. ते दोघं मुलींना घेऊन नंदुरबारला आले, माझ्याकडे नाही, गावाबाहेर मिरची वाळवायच्या पथाऱ्यांजवळ एका झोपडीवजा खोलीत. तो पथारीवर उन्हात मिरची उलथायचा, ती देठं खुडायची. दोघांचे डोळे कायम लाल. पुढच्या भाऊबीजेला गोदी आली नाही. माझ्या बायकोनं ताट तयार ठेवलं होतं, संध्याकाळी तिनं ते मुकाट्यानं उचललं.

मी माझी समजूत घातली होती की मी खरं तेच बोललो.

सुकलाल गेल्यावर पाटलांनी माझ्याकडून सीट पुन्हा शिवून घेतली. मी ती अगदी जिद्दीनं शिवली. तिन्ही स्प्रिंगा बदलल्या, काथ्या नवा भरला, डाव्या बाजूचं आणि दाराच्या काठावरचं कातडं अख्खं नवं घातलं. मग पेट्रोल मिळेनासं झालं. नवा ड्रायव्हर ठेवण्यात अर्थ नव्हता. पाटलांनी गाडी कापसाच्या गोदामात घातली, चाकं काढून विटांवर चढवली. उंदीर सीट कुरतडतील म्हणून मी मागच्या अख्ख्या सीटवर, दाराच्या काठापर्यंत, जाड कॅनव्हास चढवला आणि तो चारही बाजूंनी मेणाच्या दोऱ्यानं शिवून टाकला. शेवटच्या टाक्याची गाठ माझ्या वडिलांची, उलटी मारलेली. ती आमच्या घराबाहेर कोणाला येत नाही. गोदामाला कुलूप लागलं, किल्ली पाटलांच्या कनवटीला.

त्या भाऊबीजेनंतरचा दसरा झाला आणि पाटलांचा निरोप आला. धुळ्याचा एक कंत्राटदार गाडी घेतोय, येऊन सीटा पुसून ठीकठाक करून जा.

सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही दोघं गोदामात गेलो. पाटलांनीच कुलूप काढलं. दारं उघडली तर सगळीकडे उजेड. गाडीवर बोटभर धूळ आणि कापसाची तूस, दाराच्या मुठीपासून विटांपर्यंत कोळ्याची जाळी. कॅनव्हासवर धूळ सारखी पसरलेली, एक बोट उमटलेलं नाही. मी टाके तपासले. एकेक. सगळे माझेच, सगळे शाबूत. गाठ माझीच, उलटी. मी ती रापीच्या पात्यानं कापली आणि कॅनव्हास ओढून काढला.

डावी बाजू उसवली होती. वीतभर.

पहिल्यांदा मला राग आला. मग मी वाकून पाहिलं. टाचेच्या जागी गोल घासलेलं. दाराच्या काठावरचं नवं कातडं – जे मी लावलं तेव्हा कोरडं आणि पिवळट होतं – ते कोपराएवढ्या जागेत काळं, तेलकट, गुळगुळीत. सीट उचलली. तिन्ही नव्या स्प्रिंगा खाली बसलेल्या.

मी खाली बसून एकेक शक्यता काढली. उंदीर? उंदीर कुरतडतो, टाचेनं घासत नाही. उन्हाळ्यात कातडं आकसलं? मग उजवीकडचं का नाही. स्प्रिंगा कच्च्या निघाल्या? तिन्ही एकदम, आणि त्याच तीन? कोणी आत शिरलं? मग कोळ्याची जाळी, धूळ, आणि माझी गाठ? मला पाटलांचासुद्धा संशय आला, किल्ली त्यांच्याकडे होती. पण ते काडीसारखे. मग मला माझाच संशय आला. म्हटलं, मीच चुकीचं वाचत असेन. बसून बघू या.

मी सीट जागेवर ठेवली. गाडीत चढलो आणि उजवीकडे, म्हातारीच्या जागेवर बसलो. पाटील दारात उजेडात उभे होते. दोन घटका मी नुसता डावीकडे बघत होतो. काही नव्हतं. आणि मग माझ्याखालची सीट हलली.

कशी हलली ते नीट सांगतो. आपण बाकावर बसलेलो असतो, शेजारी कोणी जाड माणूस बसलेला असतो आणि तो उठतो. तेव्हा आपली बाजू जशी एकदम हलकी होऊन वर येते, तशी. डाव्या स्प्रिंगा कुरकुरल्या. गाडी विटांवर थोडी डुलली. पाटलांनी ते डुलणं बाहेरून पाहिलं, कारण ते म्हणाले, "मिस्तरी, सावकाश. विटा सरकतीन." त्यांना वाटलं मी हललो. मी श्वाससुद्धा घेतला नव्हता.

मी उतरलो.  पाटलांना सगळं दाखवलं – शिवण, टाच, कोपर, माझी कापलेली गाठ.  ते हुशार होते, त्यांना कळलं. मी म्हणालो, "पाटील, सुकलाल खोटं नव्हता बोलत. तुम्ही चार माणसांत सांगा."

"काय सांगू? मन्ही गाडीमा भूत बठस म्हनू? धुळावाला घेई का मंग गाडी?" त्यांनी कुलूप उचललं. "अन् त्या दिवसले बोलना कोन व्हता? तू का मी?"

 सीट शिवायला मी नकार दिला, तसाच नंदुरबारला आलो आणि घरी न जाता पथाऱ्यांकडे गेलो.

दुपार होती. लांबवर नुसती लाल मिरची पसरलेली. सुकलाल आणि गोदी एका पालाच्या सावलीत देठं खुडत बसले होते. मुली तिथेच होत्या. गोदीनं मला पाहिलं आणि हातातलं काम थांबवलं नाही. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. गोदाम, कॅनव्हास, गाठ, स्प्रिंगा, ते डुलणं. शेवटी म्हणालो, "दाजी, तुम्हना काही दोष नव्हता. आते माले कळी गयं."

सुकलालनं मूठभर मिरची टोपल्यात टाकली. त्याला खोकल्याची उबळ आली, ती जाईपर्यंत तो थांबला. मग अगदी शांतपणे म्हणाला, "म्हंजे आतेबी तुले सीटनंच सांगं."

त्यानं मिरचीची दुसरी मूठ उचलली.

"मी तुले पयल्याच दिवसले सांगेल व्हतं, नथ्थूभाऊ. तवय तू मन्हाकडे देखत व्हता."

गोदीनं मला पाणी दिलं. मी ते प्यालो आणि घरी आलो.

त्यानंतर मी जमेल ते केलं. ओळखीच्या मालकांकडे स्वतः जाऊन सांगितलं की चूक माझी होती. पण चूक काय होती ते सांगायला लागलो की लोक हसायचे, आणि न सांगावं तर मेहुण्यासाठी रदबदली करतोय असं म्हणायचे. सुकलालनं पुन्हा स्टिअरिंग धरलं नाही. मिरचीच्या खोकल्यानं त्याची छाती गेली आणि पन्नाशीच्या आत तोही गेला.

मी चौकशाही पुष्कळ केल्या. सुरतेला ज्यांची गाडी होती त्या गृहस्थांना पत्र घातलं. वाटलं, कोणी जाडा माणूस त्या सीटवर मेला असेल, म्हणजे निदान एक गोष्ट तरी जुळेल. त्यांचं उत्तर आलं – आमच्या घरात सगळे सुखरूप आणि सडपातळ आहेत, सीट आमच्याकडे असताना कधी फाटली नाही. धुळ्याच्या कंत्राटदारालाही जाऊन भेटलो. त्यानं सीट दुसऱ्याकडून शिवून घेतली होती, त्याला काही त्रास नव्हता. लढाई संपल्यावर त्यानं गाडी मोडीत काढली. माझ्या वाचण्यात चूक होती म्हणावं, तर मी आजही ती सीट तशीच वाचेन. खरं म्हणावं, तर काय खरं?

गेल्या वर्षी गोदी माझ्याकडे राहायला आली होती. आता तिचेही केस पांढरे झालेत. ओसरीवर बसून आम्ही चहा पीत होतो. त्या गोष्टीबद्दल इतक्या वर्षांत ती एक अक्षर बोलली नव्हती. त्या दिवशी एकदम म्हणाली, "भाऊ, एक सांग. तठे कोन बठे?"

 मग जे खरं होतं तेच म्हणालो, "माले माहीत नही, गोदी."

तिनं कपातला चहा संपवला. कप खाली ठेवला.

"इतलंच तवय सांगी देता ना, भाऊ," ती म्हणाली.